सिस्टर बघायला आल्या तो दिवस

सिस्टर साडेदहाला येणार होत्या, आणि दहा वाजता बाबा पँटच्या एकाच पायात आपले दोन्ही पाय घालून पलंगावर बसले होते. ताई त्यांच्यापुढे जमिनीवर बसून पँट सोडवायला बघत होती, तर ते दरवेळी तिच्या हातावर चापट मारत होते.

"कोण गं तू? सोड. मॅनेजरला बोलाव."

"मॅनेजर तुम्हीच आहात, बाबा."

"मग मीच सांगतोय ना, सोड."

आता यावर माणसानं काय बोलावं? एरवी ताईला या वेळी रडू तरी आलं असतं, नाहीतर तिनं दात-ओठ खाऊन पँट ओढली असती. पण आज तिला, खोटं कशाला सांगा, बरंच वाटत होतं. बघू दे, ती मनात म्हणत होती. सिस्टरना असंच बघू दे. पँट अशीच राहू दे, दाढी एका गालावर वाढलेली राहू दे, आणि चार दिवस अंघोळ नाही त्याचा वासही खोलीत असाच राहू दे. खिडकीसुद्धा तिनं मुद्दाम उघडली नव्हती.

ताईला घरी बसून चौदा महिने झाले होते. शाळेत चित्रकला शिकवणारी बाई, पण हातात ब्रश नाही की मुलांचा गोंगाट कानावर नाही. बिनपगारी रजा तीनदा वाढवून घेतली. मागच्या आठवड्यात मुख्याध्यापकांचं पत्र आलं, अगदी गोड शब्दांत, की येत्या एक तारखेला हजर झाला नाहीत तर आम्हाला नाइलाजानं दुसरी व्यक्ती घ्यावी लागेल. एक तारखेला बारा दिवस उरले होते. आणि इकडे बाबांना एकटं सोडून ती बाथरूममध्येसुद्धा दार लोटून जाऊ शकत नव्हती. एकदा गेली, तर बाहेर येईतो यांनी गॅसवर प्लॅस्टिकची बादली ठेवून पाणी तापवायला घेतलं होतं.

घरी येऊन म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारी ती संस्था धाकटीनं शोधली. धाकटीचं औषधाचं दुकान, त्यामुळे कोणाच्या घरी कोण पडलंय आणि कोणाकडे कोण येतं याची तिला खडान्‌खडा माहिती. तिनंच ताईला फोनवर समजावलं होतं, की या लोकांकडे माणसं मोजकी आणि मागणारे ढीगभर. म्हणून आधी त्यांची सिस्टर येऊन घर बघते, म्हाताऱ्याला बघते, प्रश्न विचारते आणि फॉर्म भरते. फॉर्ममध्ये जे येईल तेवढंच माणूस मिळतं. "म्हणून सांगते, ताई, त्या दिवशी लाज बाळगू नकोस. सगळं ओकून टाक. तू अडखळलीस तर मी आहेच."

ताईनं मग रात्री बसून वहीच्या कागदावर सगळं लिहून काढलं. बादली. जिन्यावरून पडले ती गोष्ट. शेजारच्यांच्या दारात जाऊन भाडं मागितलं ती. आणि तिचं मनगट पिरगळलं ती. कागद घडी करून तिनं ड्रेसच्या खिशात ठेवला होता.

बाहेरच्या खोलीत दादा माहितीपत्रक वाचत होता. दादा म्हणजे घरातला थोरला, पुलांचा इंजिनिअर, तीन तासांच्या अंतरावर राहणारा. महिन्यातून एका रविवारी येणार, बाबांशी तासभर बोलणार, आणि जाताना म्हणणार, "चांगले ठणठणीत आहेत की!" शेजारी वहिनी पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या, बसमधून आता उतरायचंच आहे अशा.

"हे बघ, तीन प्रकार आहेत," दादा म्हणाला. "पहिला, सोबत. बाई येते, गप्पा मारते, फिरायला नेते, गोळ्यांची आठवण करते. मला तर हेच पुरेसं वाटतं."

"सोबतवाली अंगाला हात लावत नाही," धाकटी म्हणाली. "अंघोळ नाही, संडास नाही, कपडे बदलणं नाही. पडले तरी ती उचलणार नाही, फोन करेल. नियमच आहे त्यांचा."

"मग पडू द्यायचं नाही."

"वा! हे बरं सुचलं."

"दुसरा प्रकार बघ ना, दादा," ताई दारातून म्हणाली. "दिवसभराचं माणूस. सकाळी आठ ते रात्री आठ. अंघोळ, खाणं, सगळं करतं. मला तेच हवंय. मी शाळेतून पाचला येतेच, पुढचं मी बघेन. रात्र माझी. फक्त दिवस द्या मला."

दादानं चष्मा काढला. "बारा तास परकं माणूस घरात! बाबांना चालेल? अगं, ज्या माणसानं चाळीस वर्षं शंभर जणांची सोय बघितली, त्याला एक बाई चमच्यानं भरवणार?"

"आत्ता कोण भरवतं मग?"

"तू मुलगी आहेस."

"म्हणून हात दुखत नाहीत का?"

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. आता त्या पर्सचा बंद नीट करत म्हणाल्या, "ताईंनाच दुसऱ्याचं काम पसंत पडत नाही. मागे मी बाबांची गादी बदलली, तर मी जाताच पुन्हा घातली होती नव्यानं."

झालं. सव्वीस वर्षांचं जुनं दुखणं, वर्षातून चारदा निघायचंच. ही बाई कधी आपल्या बाजूनं उभी राहायची नाही, याची ताईला इतकी खात्री होती की रागही यायचा बंद झाला होता.

तेवढ्यात बेल वाजली.

या घराला बेल म्हणजे काय, हे सांगायला हवं. बाबा बावीस खोल्यांच्या लॉजचे मॅनेजर होते, आणि ही तिघं भावंडं त्याच लॉजच्या मागच्या दोन खोल्यांत वाढली. काउंटरवरची घंटा वाजली की मागे भांडण असो, ताप असो, ताटावर बसलेलं असो, सगळं जागच्या जागी थांबायचं. थोरला बॅगा उचलायला, ताई टॉवेल घेऊन, धाकटी पाण्याची बाटली घेऊन, आणि तिघांच्या तोंडावर हसू. पाहुण्याला दाराच्या मागचं काही कळता कामा नये, हा बाबांचा कायदा. आई गेली तीसुद्धा भर दुपारी, लॉज भरलेलं असताना. बाबांनी मुलांच्या हातात एकेक टॉवेल दिला आणि सांगितलं, तोंडात धरून रडा. आणि स्वतः बाहेर जाऊन एका नव्या जोडप्याला किल्ली दिली, वर विचारलं, प्रवास बरा झाला ना?

तर बेल वाजली, आणि कोणी कोणाला काही न सांगता तिघं उठली.

दादानं वर्तमानपत्रं उचलून सोफ्याच्या उशा सरळ केल्या. धाकटीनं मोरीतली बादली दाराआड सरकवली आणि फडकं फिरवलं. आणि ताई? ताई बाबांच्या खोलीत गेली, तिनं पहिल्यांदा खिडकी उघडली. मग म्हणाली, "बाबा, पाहुणे आलेत."

बाबांनी मान वर केली. पाय आपोआप सुटे झाले, हात बाह्यांत गेले. तिनं ओल्या टॉवेलनं त्यांचं तोंड पुसलं, रेझर फिरवला, केस विंचरले, कॉलर नीट केली, अंगावर थोडं अत्तर लावलं. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा कोणीतरी जादूचा प्रयोग दाखवावा तसा झाला होता.

"ताई, हे काय करताय?" त्या हळूच म्हणाल्या.

"येते हं, दोन मिनिटं," ताई हसून म्हणाली. कोणाला म्हणाली, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

सिस्टर ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, पायऱ्या चढून धापा टाकत होत्या. बाबा उठून उभे राहिले. पुढे झाले. त्यांनी सिस्टरच्या हातातली बॅग घेतली, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "या. प्रवास बरा झाला ना? आधी पाणी घ्या. काम कुठे पळून जात नाही."

"अहो आजोबा, तुम्ही बसा!"

"आमच्या धंद्यात बसलेला माणूस म्हणजे रिकामी खोली."

सिस्टर मनापासून हसल्या. त्यांनी फॉर्म काढला. "आज वार कोणता, आजोबा?"

"वार लक्षात ठेवायचा तो सुट्टी मिळणाऱ्यांनी. आम्हाला सगळे सारखे."

"बाबांना गंमत करायची सवयच आहे," धाकटी म्हणाली. "आज गुरुवार, सकाळीच म्हणत होते." हीच धाकटी. ओकून टाक म्हणणारी.

"आणि या कोण?" सिस्टरनी ताईकडे बोट केलं.

बाबांनी ताईकडे बघितलं. गेल्या चौदा महिन्यांत क्वचितच बघितलं होतं असं, नीट, डोळ्यांत डोळे घालून. "ही? ही नसेल तर हे घर बंद पडेल," ते म्हणाले.

ओळखलं नव्हतं त्यांनी. ताईला ते पक्कं ठाऊक होतं. नाव, नातं काही आठवत नव्हतं, म्हणून हे गोड वाक्य पुढे केलं होतं, आयुष्यभर नाव विसरलेल्या पाहुण्यांसाठी करायचे तसं. शर्टाला इस्त्री, ताठ मान, डोळ्यांत ती जुनी मिश्कील चमक. तरी हा तिचा बाप होता. इतके दिवस घरात जो कण्हत, ओरडत फिरत होता त्याच्या आत कुठेतरी हा अजून होता, आणि तो बाहेर आला होता पाहुण्यासाठी.

"अंघोळ स्वतः करता?"

"पहाटे पाचला. थंड पाण्यानं."

"रात्री झोप?"

"घोड्यासारखी."

"घोडे उभ्यानं झोपतात," दादा म्हणाला, आणि सगळे हसले. चालून दाखवा म्हटल्यावर बाबा खिडकीपर्यंत गेले. दादा गप्पा मारत बरोबर गेला, आणि त्याचा हात बाबांच्या कोपराखाली होता, सिस्टरना दिसू नये अशा बाजूनं. ताईला तो दिसला. म्हणजे दादालाही माहीत होतं तर! रविवारी ठणठणीत म्हणणाऱ्याला सगळं माहीत होतं.

सिस्टर फॉर्मवर खुणा करत होत्या. पेन सरसर चाललं होतं. ताईच्या खिशातला कागद तिच्या मांडीला लागत होता. आता बोल, ती स्वतःला म्हणत होती, अगं आता बोल.

बोलल्या त्या वहिनी.

"सिस्टर, एक सांगू का? हे खरं नाही चाललेलं."

"मागच्या महिन्यात आम्ही आलो तेव्हा यांनी मला ओळखलं नाही. कामवाली समजून जिना झाडायला सांगितला. मी झाडलाही, वाद नको म्हणून. अंघोळीला शेजारच्यांना बोलवावं लागतं, हे मला शेजारच्यांनीच सांगितलं. आणि या ताईंचं मनगट बघा. बाही वर करा, ताई. आठ दिवस झाले, अजून हात वळत नाही त्यांचा. लागलं कशानं ते विचारा त्यांना."

बाबा खिडकीशी उभे होते. त्यांना शब्द कळत होते की नव्हते, कोण जाणे. पण खोलीतला सूर बदलला ते त्यांना कळलं. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्याच्या मागचा चेहरा घाबरा झाला. ते ताईकडे बघायला लागले, काउंटरवर काही बिघडलं की बघायचे तसे. सांभाळून घे.

आणि ताईनं सांभाळून घेतलं.

"अहो वहिनी, त्या दिवशी त्यांचा चष्मा दुरुस्तीला होता," ती म्हणाली. आवाज इतका साफ, इतका हसरा निघाला की तिची तीच चकित झाली. "आणि मनगट ना? कपाटाच्या दारात सापडलं. माझाच वेंधळेपणा."

"ताई!" वहिनी म्हणाल्या. "अहो, मी तुमच्यासाठी बोलतेय."

"आमच्या हिला काळजी जरा जास्तच," दादा म्हणाला.

"सुनेचा जीव हो," धाकटी म्हणाली, "सासऱ्यावर."

तिघांनी मिळून जणू लॉजचं ते मागचं दार लावून घेतलं, आणि परकी बाई बाहेर राहिली. वहिनींनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्यांनी पर्स उचलली आणि त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

सिस्टर काही खुळ्या नव्हत्या. चहाचा कप ठेवायच्या निमित्तानं त्या ताईच्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि दार त्यांनी हलकेच पुढे केलं. "बाई," त्या म्हणाल्या, "मी या कामात एकोणीस वर्षं आहे. इथे आपण दोघीच आहोत. मला दिसतं ते मी लिहीत नाही, घरचे सांगतात ते लिहिते. मला तसंच लिहावं लागतं. काही सांगायचंय का तुम्हाला?"

कागद खिशात होता. नुसता काढून पुढे करायचा होता, बोलायचंही नव्हतं. ताईनं खिशात हात घातलासुद्धा. बाहेर बाबा दादाला विचारत होते, "पाहुण्या खूश आहेत ना? काही कमी नाही ना पडलं?" आणि त्यांचा आवाज लहान मुलासारखा होता, चुकलो का मी, असा.

"नाही हो," ताई म्हणाली. "सगळं व्यवस्थित आहे. तुम्हाला काही लागलं तर सांगा."

सिस्टरनी हातातला कप ओट्यावर ठेवला. "हे मी तुम्हाला म्हणायचं, बाई," त्या म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

सोबत. आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास. पुढची पाहणी सहा महिन्यांनी. घरातला जबाबदार माणूस म्हणून दादानं सही केली. बाबांनी सिस्टरना दारापर्यंत पोहोचवलं आणि पुन्हा यायचं आमंत्रण दिलं.

दार लागल्यावर कोणी कोणाकडे बघेना.

"तू का नाही बोललीस?" ताईनं धाकटीला विचारलं.

"मी? मी तुझी वाट बघत होते. तू सुरुवात केली असतीस तर मी होतेच की. तू नाही बोललीस म्हणून मी नाही बोलले." धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं चपला घातल्या. दुकान बंद ठेवून आली होती बिचारी.

वहिनी निघताना ताईजवळ थांबल्या. "सव्वीस वर्षांत मी या घरात एकदाच तोंड उघडलं," त्या हळू म्हणाल्या. "पुन्हा नाही उघडायची. एवढं लक्षात ठेवा."

ताईला म्हणायचं होतं, वहिनी, थांबा. म्हणायचं होतं, चुकलं माझं. पण दादा खाली गाडीचा हॉर्न वाजवत होता.

ते गेले आणि तासाभरात बाबा कोसळले. पडले नाहीत, आतून कोसळले. सगळी ताकद त्या पाऊण तासात खर्चून बसले होते. खुर्चीत बसल्याबसल्या कपडे खराब केले. ती बदलायला गेली तर किंचाळले, चोर चोर म्हणून ओरडले, तिच्या केसांना धरलं. इस्त्रीचा शर्ट फाटला. त्यांना पुसून, दुसरे कपडे चढवून पलंगावर आडवं करेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि तिचं मनगट पुन्हा सुजलं होतं.

मग तिनं संस्थेत फोन लावला. आता ती घडाघडा बोलली. बादली, जिना, भाडं, मनगट, सगळं. पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, फॉर्मवर ज्यांची सही आहे त्यांनी लेखी कळवलं तरच लवकर पाहणी होते. नाहीतर सहा महिने."

तिनं दादाला फोन केला. वाटेत एका पुलाच्या कामावर थांबून तो आत्ता कुठे घराकडे निघाला होता; गाडी चालवत होता, फोन स्पीकरवर होता.

"दादा, आपण खोटं सांगितलं. तू कळव त्यांना."

"काय कळवू?" दादा म्हणाला. "वहिनीनं सांगितलं ते खोटं, असं तूच म्हणालीस. स्वयंपाकघरातही तुला एकटीला विचारलं त्यांनी, मला सांगून गेल्या त्या. तिथेही तू म्हणालीस सगळं व्यवस्थित आहे. आणि आता संध्याकाळी मी लिहू, की माझी बहीण खोटं बोलली? काय म्हणतील ते आपल्याला?"

"तू त्यांचा कोपर धरला होतास, दादा. मी बघितलं."

पलीकडे दादानं कोणाला तरी लांबलचक हॉर्न दिला.

"वहिनींना दे ना," ताई म्हणाली. "वहिनी? ऐकताय ना? एकदा बोला ना माझ्याशी."

वहिनी तिथेच होत्या, शेजारच्या सीटवर. श्वाससुद्धा ऐकू येत होता. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. मग दादा म्हणाला, "सहा महिन्यांनी बघू गं. तोवर सोबतवाली येतेय ना," आणि फोन ठेवला.

ताई फोन हातात धरून किती वेळ बसली कोणास ठाऊक. दोष द्यायला माणूस शोधत होती. दादा, धाकटी, ती संस्था, अगदी बाबासुद्धा. फिरून फिरून स्वतःपाशीच येत होती. शाळेतला तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता, उत्तरेकडचा, उजेड चांगला यायचा. तिथे आता दुसरी बाई उभी राहणार. तिनं स्वतःच्या हातांनी बापाची दाढी करून, कॉलर नीट करून ते ठरवून टाकलं होतं, आणि याला आता काहीही इलाज नव्हता.

आतून हाक आली. ती गेली. बाबा जागे होते, डोळे स्वच्छ होते. महिन्यातून कधीतरी अशी पाच मिनिटं यायची, कुठून यायची देव जाणे.

"ये, बस," ते म्हणाले. त्यांनी तिचा सुजलेला हात आपल्या हातात घेतला. "हे काय झालं?"

"काही नाही, बाबा. लागलं."

"फार वाळलीस गं पोरी. सगळं तू एकटीच करतेस का माझं?"

तिला मान हलवता आली, एवढंच.

"आज कोणी आलं होतं का?"

"नाही," ताई म्हणाली.

"मग बोलव की कोणाला तरी. लाजू नकोस. हे काही एकट्या माणसाचं काम नाही."

"बघते," ती म्हणाली, आणि त्यांच्या अंगाखालची ओली चादर काढायला लागली.